चार कोर्स शिकवता शिकवता पहिलं ग्रँट: अमेरिकेतल्या एचबीसीयूत लागलेल्या मराठी प्राध्यापकांसाठी

माझा पहिला प्रस्ताव परत आला, तेव्हा सोबत तीन परीक्षकांचे शेरे होते. पिण्याच्या पाण्यातलं शिसं स्वस्तात मोजण्याची पद्धत हा विषय होता. दोघांना विज्ञान आवडलं होतं. तिसऱ्याने पद्धतीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्याचा मुद्दा एवढाच होता की हे प्राध्यापक दर सेमिस्टरला चार कोर्स शिकवतात, आठवड्याला दोन लॅब घेतात, मग हे काम करणार कधी? मी दोन दिवस चिडून होतो. तिसऱ्या दिवशी स्वतःचं वेळापत्रक समोर घेऊन बसलो आणि कळलं की माणूस बरोबर बोलतोय. प्रस्तावात मी यंत्रासाठी पैसे मागितले होते, रसायनांसाठी मागितले होते, कॉन्फरन्सच्या विमानभाड्यासाठीही मागितले होते. वेळेसाठी एक डॉलरही मागितला नव्हता.

पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूरहून एम.एस्सी. करून इकडे पीएच.डी. आणि पोस्टडॉक केलेले बरेच मराठी लोक एचबीसीयूत, म्हणजे कृष्णवर्णीयांना शिकवण्यासाठी निघालेल्या जुन्या कॉलेजांत, नोकरीला लागतात. दर वर्षी दोघंतिघं तरी मला विचारतात की पहिल्या ग्रँटचं कसं करायचं. प्रत्येकाला फोनवर सांगतो ते इथे एकदा नीट लिहून ठेवतो. मोठ्या संशोधन विद्यापीठात मिळालेले सल्ले इथे अर्धेच लागू पडतात, कारण तिथे पैसा कमी पडतो आणि आपल्याकडे वेळ. पुढची प्रत्येक पायरी मी वेळेच्या हिशोबाने सांगणार आहे.

आधी आपलं कॉलेज ओळखा

‘मायनॉरिटी सर्व्हिंग’, म्हणजे अल्पसंख्याकांना शिकवणारी संस्था, हा शब्द सरसकट वापरतात, पण त्याखाली वेगवेगळ्या जातकुळीच्या संस्था येतात आणि प्रत्येकीची दारं वेगळी आहेत. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात एचबीसीयूची व्याख्या आहे: १९६४ च्या आधी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांना शिकवणं हेच मुख्य काम असलेली कॉलेजं. म्हणजे हा दर्जा इतिहासातून येतो, नवं कॉलेज आता एचबीसीयू होऊ शकत नाही. अशी शंभरच्या आसपास आहेत. याउलट हिस्पॅनिक सर्व्हिंग संस्था, म्हणजे एचएसआय, पटावरून ठरते: पदवीच्या विद्यार्थ्यांत किमान २५ टक्के हिस्पॅनिक असले पाहिजेत. आदिवासी कॉलेजं तिसरी. त्यांतलं पहिलं नवाहो या मूळ अमेरिकन जमातीने १९६८ मध्ये काढलं, आज ते डिने कॉलेज म्हणून ओळखलं जातं.

आपल्या वाचकाला एचबीसीयूची कल्पना यावी म्हणून मी औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचं उदाहरण देतो. बाबासाहेबांनी १९५० मध्ये मराठवाड्यात ते उभं केलं, ते ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं त्यांच्यासाठी. त्या कॉलेजची पोरं, वसतिगृह, शिक्षकांवरचा भार, सगळं डोळ्यांसमोर आणा. इथला वर्ग तुम्हाला परका वाटणार नाही.

एचबीसीयूतही एक पोटभेद आहे आणि तो पैशाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने दक्षिणेतल्या राज्यांना सांगितलं की एक तर जमीन-अनुदानाच्या, म्हणजे केंद्राने दिलेल्या जमिनीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या, कॉलेजात कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. राज्यांनी वेगळी कॉलेजं काढली. अशी आज १९ ‘१८९० संस्था’ आहेत. १९७७ च्या एव्हान्स-ॲलन कायद्याने त्यांना शेती संशोधनासाठी दर वर्षी केंद्राचा पैसा मिळतो आणि राज्याने तेवढाच घालायचा असतो. इथेच गोम आहे. या संस्थांच्या बाबतीत राज्याला निम्म्यापर्यंत सूट मागता येते, शेजारच्या, १८६२ च्या पहिल्या मॉरिल कायद्यातल्या विद्यापीठाच्या बाबतीत अशी सूट नाही. २०२३ च्या सप्टेंबरात शिक्षण आणि कृषी खात्याच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहून आकडाच मांडला: तीस वर्षांत या संस्थांना १२ अब्ज डॉलरहून अधिक कमी मिळाले. तुमच्या लॅबमधलं विषारी वाफा खेचणारं फ्यूम हूड का चालत नाही, याचं उत्तर बऱ्याचदा त्या आकड्यात असतं. नवा माणूस आल्या आल्या सहकाऱ्यांना आळशी समजतो, तसं समजू नका. मीही पहिलं वर्ष तसंच समजलो होतो आणि त्याची मला आजही लाज वाटते.

तेव्हा पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: कॉलेज सरकारी की खासगी, १८९० संस्था आहे की नाही, आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत की फक्त पदवी. पुढची निम्मी दारं यावरून आपोआप उघडतात किंवा बंद होतात.

पहिलं सेमिस्टर: कागदपत्रं आणि एक ओळख

या सेमिस्टरला प्रस्ताव लिहू नका. शिकवायला शिका आणि चार फुटकळ कामं उरका, ती पुढे ऐनवेळी गळ्याशी येतात.

एनएसएफ म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसा देणारी केंद्राची संस्था, तिच्या रिसर्च डॉट गव्ह या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडा. एनआयएच म्हणजे आरोग्य संशोधनाला पैसा देणारी संस्था, तिच्याकडे जायचं असेल तर तिच्या ईआरए कॉमन्सवर कॉलेजकडून नोंद करून घ्या. आणि ओर्सिड हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून साय-एन-सीव्ही या सरकारी संकेतस्थळावर आपला बायोस्केच, म्हणजे थोडक्यातला सीव्ही, तयार ठेवा. एनएसएफला बायोस्केच आता तिथूनच बनवून लागतो, वर्डमध्ये केलेला चालत नाही. केंद्राचा पैसा घ्यायला लागणारी कॉलेजची सॅम डॉट गव्हवरची नोंदणी चालू आहे का, हे आवर्जून विचारा. ती दर वर्षी नवी करावी लागते. लहान कॉलेजात ते काम एकाच माणसाकडे असतं आणि तो नोकरी सोडून गेला की नोंदणी गुपचूप संपते. अशा संपलेल्या नोंदणीपायी तयार प्रस्ताव घरीच राहिलेला मी पाहिला आहे.

मग स्पॉन्सर्ड प्रोग्रॅम्सच्या, म्हणजे कॉलेजातल्या ग्रँटांचा कारभार बघणाऱ्या, कार्यालयात जा. मोठ्या विद्यापीठात तिथे मजला भरून माणसं असतात, आपल्याकडे बहुतेक दोन, कधी एकच. माझ्याकडे तेव्हा एक बाई होत्या, बत्तीस वर्षं त्याच खुर्चीत. त्यांना भेटायला जाताना काम घेऊन जाऊ नका, ओळख करून घ्यायला जा. कॉलेजचा इनडायरेक्ट दर, म्हणजे इमारत, वीज, कार्यालय यांच्या खर्चापोटी ग्रँटवर लागणारा टक्का, किती, तो कोणत्या आधारावर लागतो, अंतर्गत मुदत किती दिवस आधीची, प्रस्तावावर सह्या कोणकोणाच्या लागतात आणि त्यांतलं कोण शुक्रवारी दुपारी सापडत नाही, हे सगळं तिथेच कळतं. मी त्या बाईंना अजूनही दिवाळीला चकली नेऊन देतो.

आणखी एक, कारण हा प्रश्न मला हमखास येतो. एच-वन-बीवर असाल तरी एनएसएफच्या बहुतेक कार्यक्रमांत तुम्ही पीआय, म्हणजे ग्रँटचे मुख्य संशोधक, होऊ शकता, कारण ग्रँट कॉलेजला मिळतं. अट असते ती विद्यार्थ्यांवर. आरईयूसारख्या, पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचा अनुभव देणाऱ्या कार्यक्रमातून ज्याला पैसे द्यायचे तो अमेरिकी नागरिक, ‘यू.एस. नॅशनल’ किंवा ग्रीन कार्डधारक हवा. आपल्याकडून आलेल्या एम.एस.च्या मुलाला त्यातून पगार देण्याचं आश्वासन देऊन बसू नका.

कोणत्या दारावर टकटक करायची

एनएसएफमध्ये एचबीसीयूंसाठीचा पदवी कार्यक्रम, म्हणजे एचबीसीयू-यूपी, १९९८ पासून चालत आला. त्याच्या पोटात अनेक ट्रॅक. नव्या माणसासाठी माझ्या मते सर्वांत योग्य तो रिसर्च इनिशिएशन अवॉर्ड, सगळे ‘आरआयए’ म्हणतात. त्याची मर्यादा तीन वर्षांत ३ लाख डॉलर अशी राहत आली आहे. त्याची सर्वांत मोठी सोय ही की संशोधन स्वतःच्या कॉलेजात करा किंवा उन्हाळ्यात एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत वा मोठ्या विद्यापीठात जाऊन करा, दोन्ही चालतं. ज्याच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटरसारखं महागडं यंत्र नाही त्याला हे वरदान आहे. टार्गेटेड इन्फ्युजन हा ट्रॅक नवा कोर्स किंवा नवी लॅब बसवण्यासाठी आहे, शुद्ध संशोधन त्यात घुसडू नका. पाच वर्षांचे मोठे इम्प्लिमेंटेशन प्रकल्प डीन आणि प्रोव्होस्टनी करायचे असतात, नव्या सहायक प्राध्यापकाने त्यात हात घातला तर पाच वर्षं मीटिंगा आणि अहवालांतच जातात.

एक्सलन्स इन रिसर्च हा २०१८ चा कार्यक्रम. यात प्रस्ताव तुमच्या विषयाच्या नेहमीच्या विभागाकडे जातो, रसायनाचा रसायनाकडे, आणि आधी लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे प्रस्ताव पाठवणार असल्याचं पत्र, पाठवावं लागतं. इथे प्राथमिक आकडे लागतात, म्हणून हे दुसरं ग्रँट समजा.

जीवशास्त्र आणि आरोग्याच्या बाजूला एनआयएचची आर-१५ म्हणजे ‘एरिया’ आणि आर-१६ म्हणजे ‘शुअर’ ही दोन दारं कमी संशोधन निधी असलेल्या संस्थांसाठी बांधलेली आहेत. शुअर-फर्स्ट तर ज्यांना आधी बाहेरचं स्वतंत्र संशोधन ग्रँट मिळालेलं नाही अशांसाठीच. १८९० संस्थेत असाल तर कृषी खात्याच्या कपॅसिटी बिल्डिंग ग्रँटकडे आधी पाहा. तिथे स्पर्धा फक्त १९ संस्थांमध्ये असते आणि माती, पाणी, अन्न यांच्याशी संबंध जोडता आला की रसायनवाल्यालाही जागा आहे. संरक्षण खात्याचाही एचबीसीयू आणि इतर संस्थांसाठी वेगळा कार्यक्रम आहे, उपकरणांसाठी तो चांगला. नासाचा अशा संस्थांसाठीचा म्युरेप हा कार्यक्रम विद्यार्थ्यांच्या बाजूने जास्त उपयोगी.

यांतलं एक निवडा. मी पहिल्या वर्षी तीन ठिकाणी अर्ज केले आणि तिन्ही ठिकाणी पाऊण भरलेलं भांडं घेऊन गेलो.

प्रोग्रॅम ऑफिसरला फोन

आपल्या लोकांना हे सर्वांत अवघड जातं. सरकारी अधिकाऱ्याला उगाच कशाला त्रास द्यायचा, हा संस्कार आपल्यात मुरलेला आहे. पण इथे प्रोग्रॅम ऑफिसरचं, म्हणजे ग्रँट देणाऱ्या संस्थेत तो कार्यक्रम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं, अर्जदारांशी बोलणं हा कामाचाच भाग आहे आणि सोलिसिटेशनमध्ये, म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिरातीत, त्याचा नंबर त्यासाठीच छापलेला असतो. एक पान लिहा: प्रश्न काय, करणार काय, विद्यार्थी कुठे येणार, किती पैसे, किती वर्षं. ते ईमेलने पाठवा आणि वीस मिनिटं मागा.

बोलताना ‘माझी कल्पना कशी वाटते’ हे विचारू नका, त्याला उत्तर नसतं. हे विचारा: हे काम तुमच्या कार्यक्रमात बसतं की दुसरीकडे पाठवू? परीक्षकांच्या पॅनलवर साधारण कोणत्या विषयांची माणसं असतात? अशा कॉलेजांतून आलेले प्रस्ताव बहुधा कशावर अडतात? या तिसऱ्या प्रश्नावर मला जे उत्तर मिळालं ते माझ्या तिसऱ्या परीक्षकाचंच होतं: वेळ कुठून आणणार, हे लिहिलेलं नसतं.

वर्षातून एकदा पॅनलवर परीक्षक म्हणून बसण्याची तयारीही याच फोनमध्ये कळवा. आपल्या प्रवर्गाच्या कॉलेजांतून परीक्षक त्यांना हवे असतात. एका बैठकीत दहाबारा प्रस्ताव वाचून जे शिकायला मिळतं ते कोणत्याही वर्कशॉपमध्ये मिळत नाही.

बजेट: इथे जरा थांबा

हा भाग मी लांबवणार आहे, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. एक आरआयए आकड्यांत मांडतो. पगाराचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे घाला.

समजा नऊ महिन्यांचा पगार ७२,००० डॉलर. म्हणजे महिना ८,०००. एनएसएफ साधारणपणे वर्षाला दोन महिन्यांपर्यंतचा पगार देतं, तुमची सगळी एनएसएफ ग्रँटं मिळून. हे दोन्ही महिने उन्हाळ्यात घ्यायची सगळ्यांना सवय असते. मी सांगतो, एक महिना उन्हाळ्यात घ्या आणि एक सेमिस्टरमध्ये, एका कोर्समधून मोकळीक मिळवण्यासाठी. कॉलेजच्या धोरणात एका कोर्सची किंमत काय धरतात ते आधी विचारा. अनेक ठिकाणी ती महिन्याच्या पगाराच्या आसपास येते. एक कोर्स गेला म्हणजे आठवड्याचे तीन तास गेले एवढंच नाही. तयारी, तपासणी, लॅब लावणं आणि आवरणं धरून दीड दिवस हातात येतो. तीन वर्षांत त्या दीड दिवसांनी मला जेवढं काम करू दिलं तेवढं कोणत्याच यंत्राने दिलं नाही.

तर पगाराचे १६,०००. त्यावर फ्रिंज, म्हणजे विमा, निवृत्तिनिधी वगैरे, २५ टक्के धरून ४,०००.

मग विद्यार्थी. दोन ठेवा. सेमिस्टरमध्ये आठवड्याला १० तास, ३० आठवडे, ताशी १५ डॉलर: एकाचे ४,५००. उन्हाळ्यात १० आठवडे पूर्णवेळ: ६,०००. एकाचे १०,५००, दोघांचे २१,०००. इथे काटकसर करू नका. माझी पहिली विद्यार्थिनी पहाटे चार ते सकाळी दहा एका दुकानात माल लावायची आणि साडेदहाला लॅबमध्ये यायची. पिपेट धरलेला हात थरथरताना मी पाहिला आहे. ‘अनुभव मिळेल’ म्हणून फुकट राबणं ज्यांना परवडतं ती मुलं वेगळी, आपल्या वर्गातली बहुतेक मुलं घरी पैसे पाठवणारी असतात. तुम्ही ताशी पैसे दिलेत की ती दुकानाची पाळी सोडू शकते. तिचाही वेळ तुम्ही विकतच घेताय.

रसायनं आणि काचसामान ८,०००, प्रवास ४,०००. आणि यंत्राचा सर्व्हिस काँट्रॅक्ट ५,०००. ही ओळ विसरू नका, हात जोडून सांगतो. मी एका कॉलेजात एक सुंदर गॅस क्रोमॅटोग्राफ प्लास्टिकच्या आवरणाखाली पडलेला पाहिला होता. ग्रँटमधून घेतलेला, दोन वर्षं चाललेला, मग एक भाग गेला आणि दुरुस्तीला पैसे कुठल्याच खात्यात नव्हते. आवरणावरच्या धुळीत कुणीतरी बोटाने हसरा चेहरा काढला होता.

वर्षाची बेरीज झाली ५८,०००. आता इनडायरेक्ट. कॉलेजचा ठरलेला दर ४० टक्के आणि तो महागडी उपकरणं सोडून बाकी सगळ्या प्रत्यक्ष खर्चावर लागतो असं धरा: २३,२००. एकूण ८१,२००, तीन वर्षांचे २,४३,६००. यात ४०,००० चं एक यंत्र घाला, महागड्या उपकरणावर इनडायरेक्ट लागत नाही. झाले २,८३,६००. उरलेले १६,४०० तासांचा दर वाढला, शोधनिबंधाची फी आली, यासाठी.

काही लहान कॉलेजांचा दर फक्त पगारांवर लागतो, मग हिशोब बदलतो. ज्या कॉलेजाने सरकारशी दर ठरवलेलाच नाही त्याला १५ टक्के सरसकट घेता येतात, ऑक्टोबर २०२४ च्या आधी हे १० टक्के होतं. विद्यार्थ्यांचे पैसे ‘पार्टिसिपंट सपोर्ट’मध्ये टाकून इनडायरेक्ट वाचवू, अशी युक्ती कुणीतरी सुचवेल. ती करू नका. तुमच्या प्रकल्पावर काम करणारा विद्यार्थी हा कर्मचारी, कार्यशाळेत शिकायला आलेला तो पार्टिसिपंट. ऑडिटमध्ये हा फरक पहिल्या फेरीत पकडला जातो. ‘कॉलेज आपल्या खिशातून अमुक घालेल’ असंही लिहू नका, एनएसएफ स्वखुशीचा कबूल केलेला वाटा स्वीकारत नाही.

इनडायरेक्टमधला काही हिस्सा विभागाकडे किंवा तुमच्याकडे परत येतो का, हे प्रस्ताव पाठवण्याआधी विचारा. पाठवल्यावर विचारायला गेलात तर कुणी दाद देत नाही.

पंधरा पानं

प्रकल्पाचं वर्णन पंधरा पानांचं, सारांश एका पानाचा, त्यात तीन भाग: ओळख, बौद्धिक गुणवत्ता आणि ब्रॉडर इम्पॅक्ट्स, म्हणजे समाजाला होणारा उपयोग. विज्ञान कसं लिहायचं ते तुम्हाला पीएच.डी.ने शिकवलंय, त्यावर मी बोलत नाही.

विद्यार्थ्यांबद्दल कसं लिहायचं यावर बोलतो. जुन्या प्रस्तावांतून उचललेली वाक्यं अशी असतात: आमचे विद्यार्थी अपुऱ्या तयारीने येतात, त्यांना विज्ञानाची गोडी नाही, हा प्रकल्प त्यांना वर आणेल. ही वाक्यं खोटी तर आहेतच, शिवाय पॅनलवर बसलेल्या दोघातिघांनी स्वतः एचबीसीयूतून पदवी घेतलेली असते. माझ्या दुसऱ्या प्रस्तावात मी हे लिहिलं: आमच्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी किती जण आठवड्याला वीस तासांहून जास्त नोकरी करतात, त्यामुळे त्यांना कोणता सिनियर लॅब कोर्स घेता येत नाही, आणि ताशी पगार दिल्याने नेमके कोणते अडथळे दूर होतील. आकडे आमच्याच रजिस्ट्रार कार्यालयातून आणि वर्गात केलेल्या साध्या पाहणीतून आले. पॅनलच्या सारांशात याच परिच्छेदाचा उल्लेख होता.

वेळेचाही एक स्वतंत्र परिच्छेद लिहा, आणि तो लपवू नका. सध्याचा भार किती, मोकळीक मिळाल्यावर किती, मंगळवार-गुरुवार लॅबसाठी राखीव, उन्हाळ्याचे आठ आठवडे कुठे. त्याला डीनच्या पत्राचा आधार द्या. पत्रात ‘आम्ही पाठिंबा देतो’ एवढंच नको. अमुक सेमिस्टरपासून अमुक सेमिस्टरपर्यंत तीन कोर्स, आणि त्या काळात नव्या समित्या नाहीत, असं साफ लिहून घ्या.

मोठ्या विद्यापीठाचा फोन

तुम्ही लागल्याच्या दुसऱ्याच वर्षी शेजारच्या मोठ्या विद्यापीठातून फोन येईल: आम्ही एक मोठा प्रस्ताव टाकतोय, तुम्ही भागीदार व्हा. मुदतीला आठ दिवस असतील. माझ्या बाबतीत असं झालं, मी भारावून हो म्हटलं, पत्र दिलं. ग्रँट मिळालं. तीन वर्षांत आमच्या वाट्याला दोन विद्यार्थ्यांचा एका उन्हाळ्याचा खर्च आला आणि अहवालात आमच्या कॉलेजचं नाव सहा वेळा.

तेव्हापासून माझा नियम आहे. पत्र देण्याआधी बजेटचं पान बघायला मागतो. आमच्याकडे सबअवॉर्ड, म्हणजे ग्रँटमधला वेगळा हिस्सा, येणार का, किती, त्यात माझ्या कोर्सची मोकळीक आहे का, आमची मुलं तिथे गेली तर राहण्याचा खर्च कुणाचा, शोधनिबंधावर नावं कशी लागणार. चांगला भागीदार या प्रश्नांनी खूश होतो. माझे दोन उत्तम सहकारी अशाच प्रश्नांतून मिळाले आणि आजही आम्ही बरोबर काम करतो.

२०२५ नंतरची जमीन

हे वगळून आज कुणाला सल्ला देणं प्रामाणिक नाही. एप्रिल २०२५ पासून एनएसएफने आधी मंजूर केलेली शेकडो ग्रँटं मध्येच थांबवली, विशेषतः विविधता आणि सहभाग वाढवण्याशी जोडलेली. त्याच वर्षी सप्टेंबरात शिक्षण खात्याने एचएसआय आणि आणखी काही प्रवर्गांचा सुमारे ३५ कोटी डॉलरचा ऐच्छिक निधी बंद केला. काही दिवसांतच एचबीसीयू आणि आदिवासी कॉलेजांसाठी जवळपास ४९.५ कोटींची एकवेळची वाढ जाहीर झाली. मी वर पटाचा आणि इतिहासाचा फरक सांगितला तो इथे उपयोगी पडतो. आक्षेप घेतला गेला तो विद्यार्थ्यांच्या वंशाच्या टक्केवारीवर बेतलेल्या निधीवर. एचएसआयत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीची लॅब या निर्णयाने अर्ध्यावर आली, आणि तिची मुलं माझ्या मुलांहून कणभरही कमी गरजू नाहीत. एकाचं ताट उचलून दुसऱ्याला वाढल्यासारखं झालं. मला ते मान्य नाही.

तुम्ही करायचं काय? जुनं सोलिसिटेशन डोळ्यांसमोर ठेवून लिहायला बसू नका, आज लागू असलेलं उतरवून घ्या आणि प्रोग्रॅम ऑफिसरकडून खात्री करा. उपक्रम कॉलेजातल्या सर्व विद्यार्थ्यांना खुले आहेत असं लिहा. ते खरंच आहेत, एचबीसीयूत प्रवेशाला वंशाची अट नाही. आणि ग्रँट मिळाल्यावर बिलं साचू देऊ नका. झालेला खर्च महिन्याच्या महिन्याला कॉलेजने केंद्राकडून उचलला पाहिजे. ग्रँट मध्येच थांबलं तर आधी नियमाने झालेला आणि रद्द न करता येणारा खर्च मागता येतो, पण त्यासाठी पावत्या, टाइमशीट आणि तारखा जागेवर हव्यात. विद्यार्थ्यांचा पुढच्या सेमिस्टरचा पगार दुसऱ्या कोणत्या खात्यातून देता येईल, हे आधीच विभागप्रमुखांशी बोलून ठेवा. ज्या मुलीने आपल्या शब्दावर दुकानाची पाळी सोडली, तिला अचानक उघड्यावर टाकायचं नसतं.

पाठवणं, आणि पाठवल्यावर

अंतर्गत मुदत पाच कामाच्या दिवसांची असेल तर तुम्ही दहा धरा. एनएसएफची वेळ संध्याकाळी पाचची, तुमच्या कॉलेजच्या स्थानिक वेळेनुसार. डेटा व्यवस्थापनाची योजना, चालू आणि प्रलंबित मदतीची यादी, सहकाऱ्यांची यादी, सुविधांचं वर्णन, ही कागदं विज्ञानाच्या आधी लिहून मोकळे व्हा. सुविधांच्या वर्णनात नसलेली यंत्रं दाखवू नका. ‘हे आमच्याकडे नाही, म्हणून उन्हाळ्यात अमुक प्रयोगशाळेत मोजणार’ हे वाक्य जास्त वजनदार असतं.

उत्तर यायला सहा महिने धरा. नकार आला तर पॅनलचा सारांश वाचा, आठवडाभर बाजूला ठेवा, मग पुन्हा वाचा आणि प्रोग्रॅम ऑफिसरशी बोला. तोच प्रस्ताव किरकोळ फेरफार करून परत पाठवता येत नाही, ठोस बदल लागतात.

होकार आला तर पहिल्याच आठवड्यात खातं उघडून घ्या, विद्यार्थ्यांच्या नेमणुकीचे कागद सुरू करा आणि खरेदीच्या कार्यालयात जाऊन यंत्राचे कोटेशन द्या, कारण लहान कॉलेजात खरेदीला सेमिस्टर लागतं. काम मागे पडलं तर घाबरू नका. पहिली एक वर्षाची बिनखर्चाची मुदतवाढ कॉलेजला स्वतःच्या अधिकारात घेता येते, फक्त मुदत संपायच्या किमान दहा दिवस आधी कळवावं लागतं.

आणि डीनचं ते पत्र. त्याची सही केलेली प्रत स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा, ईमेलवर भरवसा ठेवू नका. माझं ग्रँट मंजूर झालं तोवर पत्र देणारे डीन निवृत्त झाले होते. नव्या डीनबाईंनी मला पुन्हा चार कोर्स लावले होते, त्यात सकाळी आठचा जनरल केमिस्ट्रीचा वर्गही होता. मी फाइल घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, वेळापत्रकाच्या तक्त्यावरून माझी एक चिठ्ठी काढली आणि विचारलं, ‘मंगळवार-गुरुवारच ना?’

जानेवारीच्या पहिल्या मंगळवारी सकाळी साडेआठला लॅब उघडली, तेव्हा माझी विद्यार्थिनी दाराशी उभी होती. दुकानाची नोकरी तिने डिसेंबरातच सोडली होती.